जुनं ट्रम्पेट घेताय? आधी स्लाइड ओढून बघा

परवा रात्री साडेदहाला आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलाने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. सोन्यासारखं लखलखणारं ट्रम्पेट, मागे कुणाच्या तरी हॉलमधला सोफा, आणि खाली प्रश्न: "काका, सेकंडहँड आहे. अठरा हजार म्हणतोय. घेऊ का?"

अशा फोटोंना माझं ठरलेलं उत्तर आहे. "फोटोवरून काही कळत नाही. बघायला जाशील तेव्हा पहिली स्लाइड इंचभर बाहेर ओढ, पाचपर्यंत मोज, मग पहिला पिस्टन दाब. आवाज येतो का ते रेकॉर्ड करून पाठव. तिन्ही स्लाइडचं तसंच कर."

मी टाळतोय असं त्याला वाटलं असणार. पण त्या एका छोट्या "पॉप" आवाजातून वाद्याबद्दल जेवढं कळतं, तेवढं वीस फोटोंतूनही कळत नाही. असं का, ते समजायचं तर आधी पितळी वाद्य म्हणजे काय ते पाहायला हवं.

मी दुरुस्तीवाला नाही. गिरगावातल्या शाळेच्या बँडमध्ये बिगूल हातात आला, तिथून कॉर्नेट (ट्रम्पेटचं आखूड दिसणारं भावंड), मग ट्रम्पेट. नोकरी सांभाळून तीसेक वर्षं वाजवतोय. त्या काळात स्वतःसाठी आणि इतरांसाठी बरीच जुनी वाद्यं पारखली, आणि दोनदा चांगलाच फसलो. त्यातल्या एका फसवणुकीची गोष्ट पुढे येईल, कारण ती मुंबईत कुणाचीही होऊ शकते.

वाजतं काय?

ट्रम्पेट म्हणजे गुंडाळलेली नळी. सरळ केली तर सुमारे 1.48 मीटर भरते. एका टोकाला माउथपीस आणि त्याला टेकलेले ओठ, दुसऱ्या टोकाला कर्णा. ओठ थरथरतात, त्या थरथरीने नळीतली हवा हलते, हवेची लाट कर्ण्यापर्यंत जाऊन थोडी बाहेर पडते आणि बरीचशी परत फिरते. ही ये-जा ओठांच्या थरथरीशी जुळली की स्वर उभा राहतो. म्हणजे वाजते ती हवा. पितळेचं काम त्या हवेला कोंडून ठेवण्याचं.

पिस्टन दाबला की या नळीला आणखी एक तुकडा जोडला जातो (त्याचा ओढून काढता येणारा भाग म्हणजे त्या पिस्टनची स्लाइड) आणि स्वर खाली उतरतो. अर्ध्या स्वराने खाली यायला नळी साधारण सहा टक्क्यांनी लांब व्हावी लागते. म्हणून मधला, म्हणजे दुसरा पिस्टन नऊएक सेंटिमीटर नळी जोडतो आणि स्वर अर्ध्याने उतरवतो. पहिला अठराएक सेंटिमीटर जोडतो, एक पूर्ण स्वर. तिसरा सर्वात मोठा तुकडा जोडतो, दीड स्वर. एवढ्या तीन बोटांत सगळा सप्तक बसतो.

आता हे लक्षात घ्या की ही दीड मीटरची नळी एकसंध नसते. त्यात सोल्डरचे सांधे असतात, आत-बाहेर सरकणाऱ्या स्लाइड असतात, वर-खाली होणारे पिस्टन असतात, थुंकी काढायची छोटी झडप असते. यातल्या कुठल्याही फटीतून हवा गळली की लाटेची ये-जा बिघडते. प्रेशर कुकरच्या रिंगला चीर गेली की शिट्टी होत नाही, नुसती वाफ जात राहते, तसंच. वाद्य वाजतं, पण स्वर फुसफुशीत होतो, वरचे स्वर धरवत नाहीत, हळू वाजवायला गेलं की आवाज अडखळतो. नवशिक्या पोराला वाटतं आपल्यालाच जमत नाही. वर्षभर फुंकून तो ते कपाटावर ठेवून देतो.

चकाकीचं काय करायचं?

फारसं काही नाही. बहुतेक ट्रम्पेटवर पितळेच्या वर पारदर्शक लॅकरचा थर असतो, काहींवर चांदीचा मुलामा. चांदी काळी पडलेली असेल तर ती नुसती काळी पडलेली आहे, पुसली की निघते. पिस्टनच्या डब्याभोवती, जिथे डाव्या हाताचा तळवा बसतो, तिथलं लॅकर घामाने उडालेलं असेल तर माणसाने वाद्य वाजवलं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मला संशय येतो तो उलट ठिकाणी. चाळीस वर्षं जुनं वाद्य आरशासारखं चमकत असेल तर कुणीतरी ते यंत्रावर घासून पॉलिश करून नव्याने लॅकर मारलेलं असतं. घासताना पितळ झिजतं. कर्ण्याचा पत्रा मुळातच पातळ, तो आणखी पातळ होतो. ओळखायचं कसं? कर्ण्यावर कोरलेली अक्षरं बघा. मूळ कोरीव काम नखाला लागतं, कडा धारदार असतात. घासलेल्या वाद्यावरची अक्षरं ओल्या साबणावरच्या शिक्क्यासारखी गुळगुळीत झालेली दिसतात. सांध्यांच्या कोपऱ्यात पॉलिशचा काळपट मळ अडकलेला दिसला तर शंकाच नको.

घरी चिंच किंवा पितांबरी लावून समई घासायची सवय असलेले लोक तोच प्रयोग ट्रम्पेटवर करतात. समईवर लॅकर नसतं, तिला ते चालतं. लॅकर मारलेल्या वाद्याला ओला मऊ फडका पुरे.

आता तो पॉप

पहिली स्लाइड, पिस्टन न दाबता, बाहेर ओढा. पिस्टन वर असतो तेव्हा त्या स्लाइडची वाट दोन्ही बाजूंनी बंद असते. त्यामुळे ओढताना आत पोकळी तयार होते आणि स्लाइड किंचित मागे खेचल्यासारखी वाटते. चार-पाच सेकंद थांबा. मग पिस्टन दाबा. बाहेरची हवा एकदम आत शिरते आणि "पॉप" होतो, सोड्याची बाटली उघडल्यासारखा. तो आला म्हणजे त्या पाच सेकंदांत हवा कुठूनही आत शिरली नव्हती. पिस्टन घट्ट, स्लाइड घट्ट.

आवाज आलाच नाही, किंवा नुसतं "फुस्" झालं, तर गळती आहे. पण लगेच नाक मुरडू नका. आधी स्लाइडच्या नळ्या पुसून त्यांना पातळसं ग्रीस लावा आणि पुन्हा ओढा. आता पॉप आला तर दोष कोरड्या स्लाइडचा होता, फुकटात सुटला. तरीही आला नाही तर बोट पिस्टनकडे वळतं, आणि तिथे खर्च आहे.

पिस्टन आणि त्याचा डबा यांच्यामधली फट केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते. ती फट तेलाच्या थराने भरून हवाबंद राहते. वर्षानुवर्षं चालून पिस्टन झिजला की फट वाढते, आणि ती तेलाने भरेनाशी होते. पिस्टन नवीन मुलामा देऊन पुन्हा डब्याला बसवून घेता येतो, पण हे काम नाजूक असतं, आणि साध्या वाद्याच्या बाबतीत त्याचा खर्च वाद्याच्या किमतीला जाऊन भिडतो. म्हणून पिस्टन गेलेलं वाद्य, कितीही स्वस्त असलं तरी, मी घेत नाही.

इथे विक्रेत्याची एक युक्ती ठाऊक असू द्या. जाड तेल टाकलं की झिजलेला पिस्टनसुद्धा तासाभरापुरता घट्ट वागतो, पॉपही देतो. मी बघायला जातो तेव्हा विचारतो, "आत्ता तेल टाकलंय का?" आणि उत्तर काहीही असो, वरची टोपी उघडून पिस्टन बाहेर काढतो, कपड्याने कोरडा पुसतो, माझ्याकडचं पातळ तेल दोन थेंब टाकतो आणि मग पाहतो. एका गृहस्थाने मला सांगितलं, "साहेब, उघडू नका, सेटिंग जाईल." पिस्टनला कसलंही सेटिंग नसतं. मी नमस्कार करून निघालो.

पिस्टन बाहेर आला की चार गोष्टी डोळ्यांनी दिसतात. त्यावर कोरलेला 1, 2, 3 हा आकडा डब्याच्या क्रमाशी जुळतो का, कारण अदलाबदल झाली की वाद्य पूर्ण बंद पडल्यासारखं वाटतं आणि लोक घाबरून ते कवडीमोलाने विकतात. (असं एक युफोनियम, म्हणजे मोठं, खर्जातलं पितळी वाद्य, मला एकदा फार स्वस्तात मिळालं. त्याबद्दल अजून थोडं अपराधी वाटतं.) मुलाम्याचा रंग एकसारखा आहे का. निकेलचा मुलामा असेल आणि त्यातून पिवळट किंवा तांबूस चट्टे डोकावत असतील तर मुलामा संपलाय. मोनेल नावाच्या, निकेल आणि तांब्याच्या मिश्रधातूचे पिस्टन असतील तर मुलाम्याचा प्रश्न येत नाही, पण उभे ओरखडे दिसले तर आत वाळू किंवा कचरा फिरलाय. पिस्टन परत बसवून, अर्धा दाबून, वरून बोटाने आडवा हलवून पाहा. किंचित हलणं चालतं. खडखडला तर सोडा.

स्प्रिंग कमकुवत आहे, फेल्टच्या चकत्या दबल्यात, थुंकीच्या झडपेचा बूच वाळलाय, या तक्रारींवर घासाघीस जरूर करा, पण त्यांच्यासाठी वाद्य सोडू नका. ही दुरुस्ती किरकोळ आहे. आणि पिस्टनवर खोबरेल तेल टाकायचं नाही. थंडीच्या दिवसांत ते थिजतं, एरवीही चिकट होऊन बसतं.

आतून कल्हई नसते

माझी आजी पितळेच्या पातेल्यात ताक किंवा आमटी ठेवू द्यायची नाही. "कळकेल," म्हणायची. कल्हईवाला आला की सगळी भांडी त्याच्याकडे जायची. आंबट पदार्थ आणि पितळ यांचं वैर आपल्या घरांना पिढ्यानपिढ्या माहीत आहे. आता विचार करा, ट्रम्पेटमध्ये माउथपीसच्या लगेच पुढे जी नळी असते, लीडपाइप, तिच्यात रोज तासभर माणसाचा दमट, कोमट श्वास आणि थुंकी जाते. वाजवणाऱ्याने आधी वडापाव खाल्लेला असतो. नंतर वाद्य न धुता पेटीत बंद होतं. जुलै महिना, मुंबईची हवा. आणि त्या नळीला आतून कल्हई नसते.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. नेहमीच्या पिवळ्या पितळेत साधारण सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त असतं. आम्लात जस्त आधी विरघळतं आणि निघून जातं, मागे राहतं ते तांबं, पण भुसभुशीत, स्पंजासारखं. हा रोग आतून बाहेर येतो. बाहेर पोचला की लॅकरखाली गुलाबी-तांबूस ठिपके दिसतात, बऱ्याचदा ठिपक्याच्या मध्यात काळसर बिंदू असतो. इंग्रजीत याला रेड रॉट म्हणतात. लाल ठिपका म्हणजे नळीची भिंत आतून तिथवर खाल्ली गेली आहे. पुढची पायरी म्हणजे सुईच्या टोकाएवढं भोक.

तेव्हा लीडपाइप उजेडात धरून गोल फिरवून बघा. नुसतं तपकिरी पडणं वेगळं आणि गुलाबी पुळ्या वेगळ्या. मग मुख्य स्लाइड (लीडपाइपच्या पुढची, सूर जुळवायची) काढून मोबाइलचा टॉर्च एका टोकाला लावा आणि दुसऱ्या टोकाने आत डोकवा. आत हिरवट-पांढरा थर असेल तर तो धुऊन निघू शकतो. भिंत खडबडीत, खड्ड्याखड्ड्यांची दिसली तर नाही. मग स्वतःचं माउथपीस लावून, नळीचं दुसरं टोक बोटाने घट्ट दाबून, तोंडाने हवा ओढून जिभेने बंद करा. जीभ खेचलेली राहिली तर नळी शाबूत. सुटली तर कुठेतरी भोक आहे. जवळच्या माणसासमोर हे करायला जरा लाज वाटते, पण करा.

लीडपाइप बदलता येतो. चांगल्या कंपनीच्या वाद्याला बदलावाही. पण तो खर्च किमतीतून वजा करून बोला. लाल तांबूस पितळ, म्हणजे ज्यात तांबं पंच्याऐंशी-नव्वद टक्के असतं, त्यात हा रोग कमी होतो. म्हणून काही कंपन्या लीडपाइप मुद्दाम तसल्या पितळेचा करतात. तो मुळातच सगळीकडून एकसारखा तांबूस दिसतो, त्याला घाबरू नका. ठिपके ठिपके दिसले की घाबरा. काही स्लाइड पांढरट दिसतात, त्या जर्मन सिल्व्हरच्या. नावात सिल्व्हर असलं तरी चांदीचा त्यात कण नसतो.

पोचे, आणि अडकलेल्या गोष्टी

पोचा दिसला की लोक हात आखडतात. मला पोचे आवडतात, त्यांनी किंमत उतरते. कर्ण्याच्या रुंद भागातला पोचा आवाजाला जवळजवळ काही करत नाही, आणि तो काढणंही सोपं. नळी जितकी अरुंद आणि माउथपीसच्या जितकी जवळ, तितका पोचा महाग. लीडपाइपवरचा चिमटा मी सहसा स्वीकारत नाही. कर्ण्याला घडी पडलेली असेल तर पत्रा तिथे कायमचा दुबळा झालेला असतो, पुन्हा तिथेच दुमडतो.

एक जागा मात्र नीट बघा. मधली, दुसरी, छोटी स्लाइड बाहेरच्या बाजूला उघडी असते. वाद्य पडलं की ती आपटते आणि आतल्या डब्याला ढकलते. डबा कणभर वाकडा झाला की दुसरा पिस्टन अडकू लागतो. पिस्टन सरळ दाबल्यावर चालतो, पण जरा तिरका दाबल्यावर अडतो, असं दिसलं तर ती स्लाइड बाजूने डोळ्यांच्या रेषेत धरून पाहा. लग्नाच्या वरातीत गर्दीत धक्के खाल्लेल्या वाद्यांमध्ये हे मी अनेकदा पाहिलंय.

स्लाइड जाम आहेत? "थोडं तेल टाकलं की निघेल," असं विक्रेता म्हणेल. मी म्हणतो, मग तुम्हीच काढून दाखवा ना, मी चहा पिऊन येतो. निघाल्या तर त्याचाही फायदा, माझाही. माउथपीस अडकलेलं असेल तर ते उपसायचं छोटं यंत्र असतं, दुरुस्तीवाल्याकडे काम दोन मिनिटांचं. पक्कड लावून पिळलेल्या खुणा दिसल्या तर मात्र लीडपाइपचे सांधे तपासा. पिळताना नळीही पिळली जाते.

काळी पाच, आणि माझी फजिती

आता ती गोष्ट.

बरीच वर्षं झाली. बहिणीच्या मुलाला शाळेच्या बँडमध्ये कॉर्नेट हवं होतं. चोर बाजारात मटन स्ट्रीटवर एका दुकानात चांदीचा मुलामा दिलेलं कॉर्नेट दिसलं. कर्ण्यावर सुबक अक्षरांत लंडनचं नाव: बूझी अँड कंपनी. पिस्टन लोण्यासारखे. तिन्ही स्लाइडना पॉप. लीडपाइप स्वच्छ. मी तिथेच उभं राहून दोन ओळी वाजवल्या. असा मऊ, मधाळ आवाज मी त्याआधी क्वचितच काढला होता. जास्त घासाघीसही केली नाही.

पुढच्या आठवड्यात भाच्याचा फोन. "मामा, सर म्हणतात मी बेसूर वाजवतो. आणि सगळेच माझ्याकडे बघतात."

बेसूर तो नव्हता. कॉर्नेट होतं, आणि तेही बिघडलेलं नव्हतं. ते वेगळ्याच काळाच्या सुरात बांधलेलं होतं.

आज जगभर वाद्यं ज्या सुरात बांधली जातात त्यात मधल्या सप्तकातला "ए" 440 हर्ट्झ असतो. हे माप 1939 साली लंडनमधल्या परिषदेत मान्य झालं. त्याआधी ब्रिटिश बँडमध्ये चढा सूर चालायचा, "ए" 452 च्या आसपास. आणि ब्रिटनच्या ब्रास बँडनी तो चढा सूर 1960 च्या दशकाच्या मध्यापर्यंत सोडला नाही. बूझी, हॉक्स, बेसन या लंडनच्या कंपन्या तोवर त्या सुरातली वाद्यं बनवत राहिल्या. साम्राज्याच्या बँडमधून आलेली अशी वाद्यं मुंबईत अजून फिरताहेत.

440 आणि 452 यांतला फरक अर्ध्या स्वराच्या जवळजवळ निम्मा. एकट्याने वाजवताना कळतच नाही, कारण वाद्याचे आपसातले सगळे स्वर बरोबर असतात. हार्मोनियम किंवा कीबोर्ड सोबत आला की अंगावर काटा येतो.

मुख्य स्लाइड बाहेर ओढून सूर उतरवता येईल, असं मलाही वाटलं होतं. ट्रम्पेटच्या मापाने हिशेब केला तर नळी चारएक सेंटिमीटर वाढवावी लागते, म्हणजे स्लाइड नेहमीच्या जागेपासून आणखी दोन सेंटिमीटर बाहेर. तिथवर पुष्कळदा स्लाइड पुरत नाही. पुरली तरी पिस्टनच्या तिन्ही स्लाइड त्याच प्रमाणात ओढाव्या लागतात, नाहीतर खुले स्वर उतरतात आणि बोटांचे स्वर चढेच राहतात. अनेक वाद्यांना नंतर कुणीतरी नळीचे तुकडे जोडून सूर उतरवलेला असतो. ते काम ज्याने केलं तो जाणकार असेल तर ठीक.

तपासायची पद्धत सोपी आहे, आणि आपल्याकडे तर हार्मोनियमच्या भाषेत सांगता येते. बहुतेक ट्रम्पेट आणि कॉर्नेट बी-फ्लॅटमध्ये असतात, म्हणजे आपली काळी पाच. एकही पिस्टन न दाबता सहज लागणारे स्वर काळी पाच आणि पांढरी चार. मोबाइलवर फुकट मिळणारं ट्यूनर ॲप चालू करा, मुख्य स्लाइड सेंटिमीटरभर बाहेर ठेवा, पाच मिनिटं फुंकून वाद्य गरम होऊ द्या (थंड वाद्य उतरलेलं वाजतं) आणि हे दोन स्वर धरा. काटा मध्याच्या आसपास राहिला तर ठीक. काटा सतत निम्मं अंतर वर चढून बसला तर वाद्य चढ्या सुराचं आहे.

नावावरूनही अंदाज येतो. बूझी आणि हॉक्स या कंपन्या 1930 मध्ये एकत्र आल्या. कर्ण्यावर नुसतं "बूझी अँड कंपनी" किंवा "हॉक्स अँड सन" असेल तर वाद्य त्याआधीचं. "बूझी अँड हॉक्स" असेल तर नंतरचं, पण म्हणून सुराची खात्री नाही, ट्यूनर लावाच.

ते कॉर्नेट मी परत करायला गेलो नाही. दुकानदाराने खोटं काही सांगितलं नव्हतं, मी विचारलंच नव्हतं. माझ्या कपाटात आहे. पावसाळ्यात एकटा असलो की काढतो.

नावं, शिक्के आणि शोभेचा माल

चोर बाजारात आणखी एक जात सापडते: जन्मतःच शोभेची. नव्या पितळेला रसायनाने जुनाट रंग दिलेला, पत्रा मऊ, पिस्टन नावापुरते. हॉटेलच्या भिंतीवर छान दिसतात. पिस्टन दाबून सोडा, चिकटत चिकटत वर आला तर काही बोलू नका, पुढच्या दुकानात जा.

वाजवायच्या देशी वाद्यांचं मोठं केंद्र मेरठ. तिथल्या जली कोठी भागात पिढ्यानपिढ्या बँडची वाद्यं बनतात, आणि आपल्या वरातींतली बरीचशी तिथून येतात. काही लोक "मेरठचं आहे" असं नाक वर करून म्हणतात. माझा अनुभव संमिश्र आहे. दोन एकसारख्या दिसणाऱ्यांपैकी एकाचे पिस्टन उत्तम निघतात, दुसऱ्याचे नाहीत. म्हणून तिथे नाव न बघता तो नग तपासायचा.

परदेशी वाद्यांत यामाहाच्या ट्रम्पेटवर वायटीआर अक्षरांनंतर आकडा असतो. तो 2 ने सुरू होत असेल तर शिकाऊंसाठी, 4 ने असेल तर मधलं, 6 किंवा 8 ने असेल तर व्यावसायिक दर्जाचं. शिकणाऱ्या मुलाला चांगल्या अवस्थेतलं 2 आकड्याचं पुरेसं असतं. बाख कंपनीच्या वरच्या दर्जाच्या ट्रम्पेटवर "स्ट्रॅडिव्हेरियस" असं लिहिलेलं असतं. ते व्हायोलिनवाल्या स्ट्रॅडिव्हेरियसचं नाही, कंपनीने घेतलेलं नाव आहे. तो शब्द वाचून किंमत दुप्पट मोजू नका, आणि मधल्या पिस्टनच्या डब्यावरचा क्रमांक पाहिल्याशिवाय तर मुळीच नाही. क्रमांक खरवडलेला असेल तर वाद्य चोरीचं असू शकतं.

ट्रॉम्बोनला पिस्टनऐवजी लांब स्लाइड असते, तिची परीक्षा वेगळी. आतल्या नळ्यांवरचा क्रोमचा मुलामा उडून पितळ दिसतंय का बघा, मग स्लाइड उभी धरून हळू खाली सोडा. एकाच वेगाने सरकायला हवी. मध्येच कुठे अडली तर नळ्या समांतर नाहीत. युफोनियम आणि अंगाभोवती घेऊन वाजवायच्या सूझाफोनला नळी जास्त, म्हणून सांधे जास्त. तिथे पॉपच्या परीक्षेबरोबर प्रत्येक सांधा बोटाने हलवून बघायला वेळ काढा.

जाताना पिशवीत काय?

स्वतःचं माउथपीस, पिस्टनचं पातळ तेल, थोडं ग्रीस, सुती फडका, आणि टॉर्च-ट्यूनरसाठी चार्ज केलेला मोबाइल. स्वतःला वाजवता येत नसेल तर वाजवणारा माणूस. बँडवाल्यांकडून घ्यायचं असेल तर लग्नसराई संपल्यावर जा, तेव्हा त्यांनाही बोलायला निवांतपणा असतो. शुक्रवारी मटन स्ट्रीटवर पहाटेपासून रस्त्यावरचा बाजार भरतो, पण त्या गर्दीत ट्यूनर लावायला जागा नसते, म्हणून मी इतर दिवशी दुकानात जातो. तिथे जायच्या आधी धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानांत नव्या ट्रम्पेटची किंमत विचारून ठेवली तर बोलणी सोपी होतात. त्याच धोबी तलावच्या गोवेकरांच्या कुडांमधून, म्हणजे गावागावांच्या सामायिक वसतिगृहांमधून, एकेकाळी मुंबईच्या हॉटेलांना आणि सिनेमाच्या ऑर्केस्ट्राला वादक मिळत.

घरी आणल्यावर माउथपीस आणि लीडपाइप कोमट पाण्याने आणि साध्या साबणाने ब्रश घालून धुवा. कढत पाणी नको, लॅकर उचलतं.

तर त्या मुलाचं काय झालं? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीन ऑडिओ आले. पहिल्यात स्पष्ट पॉप. दुसऱ्यातही. तिसऱ्यात फुस्. मी लिहिलं, ग्रीस लावून परत कर. अर्ध्या तासाने चौथा ऑडिओ आला, पॉप, आणि मागे विक्रेत्याचा आवाज: "अरे, हे काय चाललंय?" लीडपाइपचे फोटो मागवले, ठिपके नव्हते. काळी पाच ट्यूनरवर मध्यात. चौदा हजारांत ठरलं.

रात्री पुन्हा फोटो आला. ट्रम्पेट टेबलावर, शेजारी वर्तमानपत्र अंथरलेलं, आणि त्यावर पितांबरीचा डबा. "काका, आई म्हणते उद्या घासून एकदम नवं करून देते."

या वेळी मी टाइप करत बसलो नाही. सरळ त्याच्या आईला फोन लावला.